धैर्याने प्रार्थना म्हणजे मोठ्याने प्रार्थना का?



मागच्या अंकात मी लिहिले होते की, सातपुड्यातले आपले विश्वासणारे अवघड प्रसंगी फार धैर्याने प्रार्थना करतात. त्यावर एका वाचक भगिनीचा फोन आला. "ताई, धैर्याने म्हणजे कसे? मोठ्याने का? आमच्या मंडळीत जो मोठ्याने करतो त्यालाच धैर्यवान म्हणतात." आम्ही दोघी हसलो. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न माझ्यापाशीच राहिला, कारण मोठ्याने केलेल्या एका प्रार्थनेची मला आजही लाज वाटते. ती गोष्ट सांगणारच आहे, पण आधी शास्त्र पाहू.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा चौथा अध्याय काढा. मंदिराच्या दारापाशी बसणारा लंगडा मनुष्य चालू लागला, त्यानंतर पेत्र व योहान यांना अटक झाली. एक रात्र त्यांनी कोठडीत काढली. दुसऱ्या दिवशी न्यायसभेने त्यांना धमकावून सोडले की, येशूच्या नावाने पुन्हा बोलायचे नाही. ते आपल्या लोकांकडे आले, झाले ते सांगितले आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत काय मागितले यापेक्षा काय मागितले नाही, हे आधी पाहावे. धमक्या थांबव, असे त्यांनी म्हटले नाही. अधिकाऱ्यांना शिक्षा कर, असेही नाही. ज्याने आकाश व पृथ्वी केली त्याच्याशी आपण बोलत आहोत, याची त्यांनी आधी स्वतःला आठवण दिली. मग धमक्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि बोलत राहण्याचे धैर्य मागितले. लोकांना बरे करायला हात पुढे कर, हेही मागितले, पण तो हात देवाचा होता, त्यांचा नव्हे.

इथे 'धैर्य' म्हणून आलेला मूळ ग्रीक शब्द 'पॅरेसिया' असा आहे. डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला हा शब्द शिकवला तेव्हा मी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा सरळ अर्थ 'सगळे बोलणे'. ग्रीक नगरांत स्वतंत्र नागरिकाला सभेत मोकळेपणाने बोलण्याचा जो हक्क असे, त्याला हा शब्द वापरत. गुलामाला तो हक्क नव्हता. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाण्याविषयी लिहिले आहे, तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे धैर्य छातीत किंवा आवाजात असण्याआधी जिभेवर असते. काही न लपवता बोलणे, घरच्या लेकरासारखे.

आता माझी गोष्ट.

सात वर्षांपूर्वी अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर मी शहरातून आलेल्या काही पाहुण्यांना घेऊन गेले होते. आपल्या कामाला मदत करणारी चांगली माणसे होती. एका घरात चार वर्षांचा मुलगा वेदनेने तळमळत होता. हातपाय सुजलेले, डिसेंबरची थंडी. त्याला सिकलसेल आहे हे मला ठाऊक होते. लाल कार्ड भिंतीला अडकवलेल्या पिशवीतच होते. वाचकांसाठी थोडक्यात सांगते: या आजारात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रक्त पुढे न गेल्याने असह्य दुखते. थंडी, तहान, अतिश्रम, ताप यांनी दुखणे उसळते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. त्यात कोणाचे पाप नाही, कोणाची करणी नाही, हे सांगत फिरण्यात माझे निम्मे दिवस जातात. रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांनी आजार जात नाही, पण दुखण्याच्या पाळ्या कमी होतात.

पाहुणे बघत होते. मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्या आवाजात जाहीर केले की, आजपासून रोग गेला, लेकरू बरे झाले. खरे सांगायचे तर मी घाबरले होते. मुलाची किंकाळी ऐकवत नव्हती आणि पाहुण्यांपुढे आपण हतबल दिसू, याचीही भीती होती. आवाज चढवून मी दोन्ही भीती झाकल्या. दोन दिवसांत दुखणे ओसरले. पाळी तशीही काही दिवसांत ओसरतेच. सगळ्यांनी देवाचे उपकार मानले, मीही मानले.

पुढे ते कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला गेले. लाल कार्ड आणि गोळ्या भिंतीवरच राहिल्या. ताईनेच सांगितले होते ना, रोग गेला. फेब्रुवारीत मुलाला गाडीत घालून परत आणले तेव्हा तो पांढराफटक पडला होता. दोन पिशव्या रक्त चढवावे लागले. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या आईने मला विचारले. पाड्यावर सगळ्यांना 'तू'च म्हणतात. "ताई, देव खोटं बोलला का तू?"

राग नव्हता तिच्या आवाजात. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचे होते.

"मी," म्हटले.

मग तिथेच, बाकावर, आम्ही दोघींनी प्रार्थना केली. मी एवढेच म्हणाले की, प्रभो, मला भीती वाटत होती आणि मी तुझ्या नावावर ती खपवली. तू याला वाचवावेस असे आम्हाला फार वाटते. पुढे काय होईल हे आम्हाला ठाऊक नाही. माझ्या आयुष्यातली पहिली धैर्याची प्रार्थना तीच असावी.

कोणी म्हणेल, हा अविश्वास झाला. मला तसे वाटत नाही. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख व अबेद्नगो भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात की, आमचा देव सोडवण्यास समर्थ आहे, आणि त्याने न सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. देवाच्या सामर्थ्याविषयी त्यांना तिळभर शंका नाही, तरी निकाल मात्र ते जाहीर करत नाहीत. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. तो निघाला नाही, आणि पौलाने ते लपवलेही नाही. आजारी माणसाकडून 'मी बरा झालो' असे वदवून घेण्याची जी रीत हल्ली काही सभांतून दिसते, तिच्यात मला ना धैर्य दिसते ना विश्वास. गोळ्या बंद करायला सांगणारा तर शेजाऱ्याच्या जिवाशी खेळतो.

धैर्याच्या प्रार्थनेनंतर माणूस उठून जातो कुठे, हेही पाहावे. नहेम्याने यरुशलेमेच्या तटाची बातमी ऐकली किसलेव महिन्यात, आणि राजाशी बोलला नीसान महिन्यात. मध्ये चारेक महिने गेले. राजाने "काय हवे?" असे विचारताच त्याने मनातल्या मनात क्षणभर प्रार्थना केली आणि मग अगदी नेमके मागितले: इतकी मुदत, अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे, आणि राजवनाच्या रक्षकाला लाकूड देण्याचा हुकूम. तो फार घाबरला होता, असेही त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या महाराष्ट्रातही हे नवे नाही. पंडिता रमाबाईंचे नाव काढले की मुक्ती मिशन आणि 1905 चे संजीवन आठवते. पण 1897 मध्ये प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे जे हाल होत होते ते वर्तमानपत्रात पत्र लिहून उघडपणे मांडणाऱ्याही त्याच होत्या. गुडघे टेकणे आणि सरकारला जाब विचारणे ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती.

आमच्या त्या आईचा 'राजा' म्हणजे मुकादम. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. त्या वर्षीची उचल घेऊन संपली होती. मुलापाशी राहायचे तर बाईला पुढच्या हंगामात जाता येणार नव्हते, म्हणजे कोयता अर्धा आणि कर्ज पुरे. पावसाळाभर आम्ही याच गोष्टीसाठी प्रार्थना केली. दसऱ्याला मुकादम आला तेव्हा ती स्वतः त्याच्यापुढे उभी राहिली. एकटा नवरा येईल, उचल दोन हंगामांत फेडू, पोराला रक्त चढवले त्याचा कागद हा. मुकादम तासभर कुरकुरला. शेवटी मानला. त्याच आठवड्यात ती आरोग्य केंद्रात गेली आणि दर महिन्याला डोंगर उतरणे जमत नाही म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागितल्या. दोन महिन्यांच्या मिळाल्या.

मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. दुखण्याच्या पाळ्या येतात, वर्षातून एखाददोन. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे मुक्कामी होते. रात्री चुलीपाशी आईने प्रार्थना केली, बसल्या बसल्या, बोलल्यासारखी. गोळ्या आठ उरल्यात. नर्सबाई सुटीवर आहे. थंडी पडायला लागली, मला भीती वाटते. हे तुझे पोर आहे, तू बघ. सकाळी ती कार्ड घेऊन खाली उतरली.

या तिमाहीत आपण तीन गोष्टींसाठी प्रार्थना करावी. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत आजही आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून आणावे लागते, त्या वाटेसाठी. रक्त द्यायला तयार असलेल्या तरुणांसाठी; चौदा नावे आली आहेत, रक्तगट आठांचेच तपासून झाले. आणि हंगामाला निघालेल्या कुटुंबांसाठी, की कोणाचे लाल कार्ड भिंतीवर राहू नये.

हे मी लिहीत आहे असे त्या आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "पोराला जाड गोधडी पाहिजे, ते पण लिही." तेही लिहिले आहे.