विश्लेषण : पंपहाऊसचा पीएलसी मोडेमने जोडताना धोका कुठे असतो?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अलिक्विपा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या एका बूस्टर केंद्रावर २५ नोव्हेंबर २०२३ रोजी सायबर हल्ला झाला. पाण्याचा दाब सांभाळणारा पीएलसी हल्लेखोरांच्या ताब्यात गेला. कर्मचाऱ्यांनी स्वयंचलित यंत्रणा बंद करून केंद्र हाताने चालवले, त्यामुळे पाण्याला धोका पोहोचला नाही. त्यानंतर ‘सीसा’ या अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेने पाणीपुरवठा यंत्रणांना केलेली एक सूचना अगदी साधी होती : पीएलसीचा ‘११११’ हा मूळ पासवर्ड बदला.

पीएलसी म्हणजे काय?

प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. सेन्सरकडून माहिती घ्यायची, प्रोग्रॅमनुसार निर्णय घ्यायचा आणि पंप, मोटार किंवा व्हॉल्व्ह चालू-बंद करायचा, हे चक्र तो सेकंदाला अनेकदा पूर्ण करतो. टाकी भरली की पंप थांबतो, तो यामुळेच.

मोडेम का लागतो?

पीएलसीला संगणकाशी जोडणारी साधी आरएस-२३२ केबल जेमतेम १५ मीटरपर्यंत चालते, तर आरएस-४८५ सुमारे १,२०० मीटर. पंपहाऊस याहून दूर असेल तर मोडेम लागतो. पूर्वी तो टेलिफोन लाइनवर चालत असे, आता त्यात सिमकार्ड असते. प्रत्येक बिघाडासाठी अभियंत्याला तिथवर जावे लागत नाही.

जोडणी का अडखळते?

पीएलसी आणि त्याला जोडलेल्या मोडेमचा वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट जुळले नाहीत, तर संवादच होत नाही. सगळे जुळूनही अडचण येते. १९७९पासून वापरात असलेल्या मॉडबसच्या आरटीयू प्रकारात एका संदेशाच्या मध्येच दीड अक्षराच्या वेळेपेक्षा मोठा खंड पडला, तर संदेश अपूर्ण समजून टाकून दिला जातो. ९६०० बॉड वेगाला ही मुदत दोन मिलिसेकंदांपेक्षाही कमी असते. मोबाइल नेटवर्कवर माहिती तुकड्या-तुकड्यांनी येते, त्यामुळे असे खंड सहज पडतात. उपाय दोन : संपूर्ण संदेश जमवून एकदम पुढे देणारा मोडेम किंवा गेटवे वापरणे आणि संगणकावरील टाइमआउट वाढवणे.

मग खरा धोका कोणता?

मूळ मॉडबसमध्ये ना पासवर्ड आहे, ना एन्क्रिप्शन. केबल कुलूपबंद पॅनेलमध्येच राहणार, असे तेव्हा गृहीत होते. पीएलसी आज्ञा पाळतो, ती कोणी पाठवली हे विचारत नाही. मोडेमला इंटरनेटवर उघडा पत्ता दिला, की हीच केबल जगातल्या कोणाच्याही हाती लागू शकते.

काय काळजी घ्यावी?

* मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.
* सिमला सार्वजनिक आयपी पत्ता देऊ नका. खासगी एपीएन किंवा व्हीपीएन वापरा.
* पीएलसीवर किल्लीचा स्विच असेल, तर तो ‘रन’वर ठेवून किल्ली काढून घ्या.
* प्रोग्रॅमची प्रत वेगळी जपून ठेवा.
* टाकी भरल्यावर पंप थांबवणारा फ्लोट स्विच थेट वायरिंगमध्ये असू द्या.

मोडेम बंद पडला तरी पंप सुरक्षित चालला पाहिजे आणि पीएलसी बंद पडला तर तो हाताने चालवता आला पाहिजे. दूरची जोडणी सुरू करण्याआधी या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष करून पाहाव्यात.