मेंदूची बालपणींची इजा व अंकज्ञान

आमच्या नारायण पेठेंतील वाड्यांतून पूर्वीं दिवेलागणीस परवचा चाले. पाढ्यांत अडखळणारें मूल आळशी ठरे. परंतु प्रत्येक अडखळण्याचें कारण आळस नव्हे, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

संख्येची जाणीव शाळेच्या आधींची आहे. १९९२ सालीं कॅरन विन या विदुषीनें पांच महिन्यांच्या अर्भकांस पडद्यामागें एकामागून एक दोन बाहुल्या ठेवतांना दाखविल्या. पडदा काढल्यावर एकच बाहुली दिसली, तर अर्भकें तिजकडे अधिक वेळ पाहत.

या जाणिवेचें मुख्य स्थान म्हणजे मेंदूच्या माथ्याकडील मागच्या भागांत, दोन्ही बाजूंस असलेली एक खांच. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मसमयीं प्राणवायूची उणीव किंवा रक्तस्राव यांमुळें मेंदूच्या या भागास इजा पोंचूं शकते. २००१ सालीं लंडन येथील संशोधकांनीं फार अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा अभ्यास केला. ज्यांस गणित जड जाई, त्यांच्या डाव्या खांचेंत करडें द्रव्य कमी आढळलें.

प्रौढास इजा झाल्यास कमावलेलें गणित जातें. बालकाचें गणित तर अद्याप घडावयाचें असतें. म्हणून उणीव लगेच दिसत नाहीं. मूल बोलूं लागतें, चालूं लागतें. आणि पुढें हातच्याची वजाबाकी आली म्हणजे अडतें. त्यांत आपले अंक कठीण. 'त्रेपन्न' म्हणतांना तीन आधीं येतात, लिहितांना पांच. 'एकोणसाठ' म्हणतांना साठ ऐकूं येतात, पण आरंभ पांचानें करावा लागतो. २०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या पुस्तकांत 'पन्नास तीन' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हां मोठा वाद माजला. परंतु मुलांची ही अडचण खरी आहे.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. बालकाचा मेंदू लवचीक असतो. इजा झालेल्या भागाचें कांहीं काम दुसरे भाग उचलतात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत असें दिसलें कीं, इजा झालेल्या मुलांशीं आईबाप लहानपणीं संख्यांविषयीं जितकें अधिक बोलले, तितकें त्यांचें अंकज्ञान पुढें बरें होतें.

इजा नसतांही कांहीं मुलांस गणित असेंच अवघड जातें. २०१६ च्या कायद्यानें अशा अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली आहे.

तरी पालकांस विनंती कीं, चिंचोके मोजा, जिन्याच्या पायऱ्या मोजा, ताटांतील पोळ्या मोजा. मूल मागें पडतांना दिसल्यास वैद्यांचा व शिक्षकांचा सल्ला लवकर घ्या. आणि विद्यार्थ्यांनो, शेजारच्या बांकावरील मित्र उत्तरास उशीर लावील, तेव्हां हंसूं नका. कदाचित् तो तुमच्याहून अधिक श्रम करीत असेल.