अफसान्याची रंगसंहिता : हिंदी-उर्दू लघुनाट्य महोत्सवांतील निवेदन, उच्चार आणि लिपी

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या मध्ये शेलू हे छोटे स्थानक आहे. तेथून मुंबईच्या महाविद्यालयांत आणि नाट्यगृहांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रयोगाच्या वेळेपेक्षा शेवटच्या कर्जत लोकलची वेळ अधिक नेमकी पाठ असते. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी मुंबईतील एका हिंदी-उर्दू लघुनाट्य महोत्सवात सहभागी झाली होती. तिच्या तालमींच्या निमित्ताने मनात आलेले काही प्रश्न प्रस्तुत लेखात मांडले आहेत. मराठी विभागाच्या अंकात हिंदी-उर्दू रंगभूमीचा विचार कशासाठी, ही शंका वाचकांना येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर विवेचनाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. महाराष्ट्राच्या भूमीवरील हिंदुस्थानी नाटकाचा आरंभ शोधू गेल्यास आपण मराठी नाटककारापाशीच येऊन पोहोचतो. १८४३ मध्ये सांगलीस ‘सीता स्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ साली मुंबईत ‘राजा गोपीचंद’ हा खेळ हिंदुस्थानीत केला. मुंबईचा प्रेक्षक एकभाषिक नाही, हे त्यांच्या व्यवहारी बुद्धीने ओळखले होते. पुढे पारशी मंडळ्यांनी उर्दूकडे मोहरा वळवला आणि १८७१ मध्ये ‘खुर्शीद’ रंगभूमीवर आले. विसाव्या शतकात, १९४३ साली मुंबईत ‘इप्टा’ची स्थापना झाली आणि १९४४ मध्ये पृथ्वीराज कपूर यांनी पृथ्वी थिएटर्स उभे केले. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ च्या नोव्हेंबरात खुले झाले तेव्हा तेथे झालेला पहिला प्रयोग ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या गो. पु. देशपांडे यांच्या मूळ मराठी नाटकाचा होता, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

हा इतिहास मोठ्या नाटकांचा झाला. लघुनाट्याचा प्रश्न निराळा आहे, आणि तोच येथे महत्त्वाचा आहे.

मराठी एकांकिका आज ज्या रूपात आपल्यासमोर आहे, ते रूप तिला मुख्यतः स्पर्धेने दिले. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासूनची. तिने आणि तिच्यासारख्या इतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांनी एकांकिकेला ठराविक कालावधी, मोजके नेपथ्य, समूहाच्या हालचाली आणि शेवटी प्रेक्षकाला धक्का देणारे वळण यांची सवय लावली. ही सवय इष्ट की अनिष्ट, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. (माझे मत विचाराल तर शेवटच्या धक्क्याच्या सक्तीने अनेक चांगल्या एकांकिका बिघडल्या.) हिंदी-उर्दूतही लिखित एकांकी आहेत. रामकुमार वर्मा, भुवनेश्वर, उपेंद्रनाथ अश्क यांची नावे हिंदीच्या अभ्यासक्रमात नियमित येतात. इप्टाच्या मुंबई शाखेने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही भरवल्या. तथापि अलीकडच्या लघुनाट्य महोत्सवांत बसून पाहिले असता असे जाणवते की, तेथे रंगमंचावर येणारी संहिता पुष्कळदा एकांकी नसून कथा असते. मंटो, इस्मत चुगताई, प्रेमचंद, राजिंदरसिंग बेदी हे कथाकारच त्या महोत्सवांचे नाटककार ठरतात.

असे का व्हावे? याचे एक कारण नभोवाणी हे आहे. मंटो, कृष्ण चंदर, बेदी, अश्क हे सारे या ना त्या काळी आकाशवाणीशी संबंधित होते. मंटोंनी तर दिल्ली केंद्रावरील सुमारे दीड वर्षाच्या नोकरीत, १९४१-४२ मध्ये, श्रुतिका ढिगाने लिहिल्या. बेदींच्या ‘नक्ल-ए-मकानी’ या श्रुतिकेवरून पुढे १९७० चा ‘दस्तक’ हा चित्रपट निघाला. केवळ कानांसाठी लिहिण्याच्या या सरावाने त्यांच्या गद्याला उच्चारसुलभता दिली. दुसरे कारण म्हणजे देवेंद्र राज अंकुर यांनी दिल्लीत रुजवलेला ‘कहानी का रंगमंच’ हा प्रयोगविशेष. १९७५ मध्ये त्यांनी निर्मल वर्मा यांच्या तीन कथा ‘तीन एकांत’ या नावाने रंगमंचावर आणल्या. त्यांनी कथेचे नाट्यरूपांतर केले नाही. कथेतील निवेदन, वर्णन, ‘तो म्हणाला’ हे शब्दसुद्धा, नटाच्या तोंडी तसेच ठेवले. मुंबईत नसीरुद्दीन शाह यांच्या ‘मोटली’ या संस्थेने ‘इस्मत आपा के नाम’मध्ये चुगताईंच्या तीन कथा अशाच संपूर्ण शब्दांनिशी सादर केल्या. प्रत्येक कथेला एकच नट आणि तोच निवेदक. मुजीब खान यांची ‘आदाब, मैं प्रेमचंद हूँ’ ही २००५ पासूनची मालिका त्यामानाने रूपांतराच्या अंगाने जाते, परंतु तिचाही आधार कथाच.

मराठीत कथा रंगमंचावर आली ती कथाकथनाच्या वाटेने. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी व्यासपीठावरून कथा सांगितल्या आणि श्रोत्यांनी त्या डोक्यावर घेतल्या. कथा ‘सांगण्या’ची सोय स्वतंत्रपणे झालेली असल्याने एकांकिकेने ती जबाबदारी घेतली नाही. ती संवाद आणि प्रसंग यांच्याच बळावर उभी राहिली. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे एकपात्री या दोहोंच्या सीमेवर आहे, पण त्याची परंपरा झाली नाही. उलट हिंदी-उर्दू लघुनाट्यात निवेदकाचे वाक्य हाच प्रयोगाचा कणा असतो.

याचे प्रात्यक्षिक म्हणून मंटोंची ‘टोबा टेक सिंह’ ही कथा घेऊ. फाळणीनंतर दोन्ही देशांनी आपापल्या वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांची देवाणघेवाण करावयाचे ठरवले, हा तिचा विषय सर्वपरिचित आहे. बिशनसिंग या मुख्य पात्राच्या तोंडी जवळजवळ निरर्थक शब्दांची एक साखळीच आहे. म्हणजे नायकाला संवाद नाही. कथेतील भेदक उपरोध आहे तो निवेदकाच्या सरकारी, निर्विकार सुरात. अखेरीस दोन सीमांच्या मधल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या जमिनीवर बिशनसिंग कोसळतो. हे नटाला करून दाखवता येते. परंतु काटेरी तारांच्या एका बाजूस कोणता देश, दुसऱ्या बाजूस कोणता आणि मध्ये कोण, ही मांडणी निवेदकाच्या वाक्यरचनेतच आहे. ती वाक्ये गाळून केवळ पडणारा माणूस दाखवणारे प्रयोग मी पाहिले आहेत. ते मुळीच वाईट नव्हते, फक्त ती मंटोंची कथा राहिली नव्हती. ‘खोल दो’च्या बाबतीत ही अडचण आणखी बिकट होते. तेथे डॉक्टरने उच्चारलेले दोन साधे शब्द एका मुलीच्या देहाला काय सांगतात, हे लेखक तटस्थपणे नोंदवतो. रंगमंचावर ते दाखवू जाणे म्हणजे कथेच्या संयमाचा भंग करणे, आणि न दाखवावे तर सारा भार पुन्हा निवेदकाच्या स्वरावर.

निवेदन हा कणा म्हटला की उच्चाराला असाधारण महत्त्व येते. संवादातील अशुद्ध उच्चार पात्राचा म्हणून खपून जातो, निवेदकाला मात्र ही सवलत नसते. शेलूच्या ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख आरंभी केला, ती ‘टोबा टेक सिंह’ची निवेदक होती. रायगड जिल्ह्यातील अनेक मुसलमान कुटुंबांप्रमाणे तिच्या घरात मराठीला अतिशय जवळची कोकणी बोली बोलली जाते. शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. पथकात मंटोंची कथा मूळ लिपीत वाचू शकणारी ती एकटीच होती. परीक्षकांनी मात्र प्रयोगानंतरच्या चर्चेत तिच्या उर्दूला ‘मराठी वास’ येतो, क़ाफ नीट लागत नाही, असा शेरा दिला. ज्या मुलाने सारा मजकूर नागरीतून पाठ केला होता, त्याच्या ‘तलफ्फुज’ची वाखाणणी झाली. परतीच्या लोकलमध्ये तिने मला एवढेच विचारले, “सर, मग आमची उर्दू कोणती?”

हा प्रश्न भावनिक म्हणून बाजूला सारता येणार नाही. तो शास्त्रीय आहे. क़ाफचा कंठमूलीय उच्चार हा उर्दूच्या प्रमाण रूपाचा भाग खरा, पण पंजाबी वळणाच्या उर्दूत त्याचा सर्रास ‘क’ होतो, आणि मंटो व बेदी हे दोघेही पंजाबचे. लेखकाच्या स्वतःच्या मुलखातही न पाळला जाणारा दंडक शेलूच्या मुलीला लावताना परीक्षकांनी थोडे थांबावयास हवे होते. चुगताईंचे प्रकरण निराळे. त्यांच्या कथांची उर्दू ही उत्तर प्रदेशातील घरांच्या जनान्यातली, विशिष्ट स्त्रीबोली आहे. तेथे उच्चाराचे वळण हा अर्थाचाच भाग आहे आणि तो नटीने कमवायलाच हवा. पण ‘ममद भाई’सारखी मंटोंची मुंबईची कथा करावयाची झाल्यास लखनवी नजाकत हाच दोष ठरेल. म्हणजे ‘शुद्ध उर्दू’ अशी एकच मोजपट्टी या महोत्सवांत चालणार नाही. कथेगणिक ती बदलावी लागेल.

आता लिपीचा विचार. महोत्सवाच्या पत्रिकेवर काही प्रयोगांपुढे ‘हिंदी’ आणि काहींपुढे ‘उर्दू’ असे छापलेले असते. प्रेक्षागृहात डोळे मिटून बसणाऱ्याला हा भेद नेहमीच जाणवेल असे नाही. प्रेमचंदांची ‘कफन’ १९३५ च्या डिसेंबरात प्रथम उर्दूत ‘जामिया’त आली आणि १९३६ च्या एप्रिलमध्ये हिंदीत ‘चाँद’मध्ये. तिच्या प्रयोगाला कोणते नाव द्यावे? प्रत्यक्षात मुंबईतील तालमींत, मी पाहिलेल्या मर्यादेत, उर्दू संहिताही नागरीतच फिरतात. नटांपैकी बहुतेकांना नस्तालीक येत नाही, प्रॉम्प्टरला तर नाहीच. नागरीत उतरवताना ज़े, ज़ाल, ज़ाद, ज़ोय या चार अक्षरांचा मिळून एक नुक्त्याचा ‘ज’ उरतो. तो उच्चारदृष्ट्या पुरेसा आहे. परंतु छायाप्रतीची छायाप्रत काढताना पहिला बळी नुक्त्याचाच जातो, आणि मराठी नटाला तर नुक्त्याची दृष्टीच नसते, कारण आपल्या मुद्रणात तो नाही.

यापेक्षा सूक्ष्म अडचण ओळखीच्या शब्दांची आहे. मराठीने फारसी-अरबी शब्द विपुल स्वीकारले. माधव ज्यूलियन यांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश चाळला तरी त्याची व्याप्ती कळते. पण स्वीकारताना आपण त्यांचे अर्थ फिरवले. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव, आपल्याकडे प्रयत्नांची पराकाष्ठा. ‘तकरार’ तेथे भांडण, येथे गाऱ्हाणे. ‘राज़ीनामा’ तेथे तडजोडीचा लेख, येथे पद सोडल्याचे पत्र. अनोळखी शब्दापाशी मराठी प्रेक्षक थबकतो आणि संदर्भाने अर्थ लावतो. ओळखीच्या शब्दापाशी तो थबकत नाही, म्हणून तेथेच चुकतो. नटही चुकतो, आणि त्याची चूक आघातातून, विरामातून ऐकू येते. ‘शिकस्त’ हा शब्द अभिमानाने उच्चारणारा मराठी मुलगा मी ऐकला आहे.

अशा वेळी मराठीचा अध्यापक निरुपयोगी नसतो. शब्दाचा मराठीतला प्रवास त्याला ठाऊक असतो, उर्दूच्या परीक्षकाला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. मराठी-उर्दू सीमेवरील या प्रयोगसंहिता, विशेषतः तालमीच्या वह्या, महोत्सव संपताच रद्दीत जातात. छापील कथा सर्वत्र मिळते, परंतु ती कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या मुलांनी कोणत्या खुणा करून बोलली, याचा पुरावा त्या वह्यांखेरीज अन्यत्र नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी विषय सुचत नाहीत अशी आपली नेहमीची तक्रार (मराठी अर्थाने) असते. एखाद्या विभागाने पाच वर्षे या वह्या नुसत्या गोळा केल्या तरी विषयांची टंचाई पडणार नाही.

त्या विद्यार्थिनीची वही माझ्याकडे आहे. तिने डाव्या पानावर कथा नस्तालीकमध्ये उतरवली आहे, उजव्या पानावर पथकातील इतरांसाठी नागरीत. रंगसूचना मात्र दोन्ही पानांवर मराठीतच आहेत : ‘इथे थांबणे’, ‘दोन पावले मागे’, ‘आवाज खाली’. कथेच्या आरंभीच वेड्यांच्या ‘तबादल्या’चा उल्लेख येतो. हिंदीत हा शब्द कचेरीतल्या बदलीसाठी रुळलेला असल्याने मुलांचा घोटाळा होई. तेथे समासात तिने निळ्या शाईने लिहिले आहे : ‘तबादला – अदलाबदल. बदली नव्हे.’ पुढे केव्हातरी, बहुधा निवेदकाचा तो सरकारी सूर सापडल्यावर, ‘बदली नव्हे’ हे शब्द खोडून त्यावर काळ्या शाईने लिहिले आहे : ‘बदलीसुद्धा’.