डिझेल मोटारीतील इंजिन-इशाऱ्याचे निदान : सुटे भाग बदलण्यापूर्वी

प्रस्तावना :
मोटारीच्या दर्शनी फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागताच संकेतांक वाचून एखादा महागडा भाग बदलला जातो. परंतु पुष्कळदा काही दिवसांतच दिवा पुन्हा लागतो. संकेतांक हे लक्षण आहे, निदान नव्हे, याचा विसर पडल्याने वाहनधारकास हा भुर्दंड सोसावा लागतो. प्रस्तुत लेखात एका संकेतांकाच्या आधारे निदानाची पद्धती स्पष्ट केली आहे.

संकेतांकाचा अर्थ :
कॉमन रेल इंजिनात उच्चदाब पंप डिझेल एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाखाली साठवतो व तेथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. प्रवासी मोटारींत १९९७ पासून आलेल्या या पद्धतीत आरंभी सुमारे १३५० बार असलेला दाब पुढे २००० बारपलीकडे गेला. अपेक्षित दाबापेक्षा मोजलेला दाब फार कमी राहिल्यास 'पी ००८७' हा संकेतांक नोंदला जातो. दाब कमी आहे, एवढेच तो सांगतो. तुंबलेला फिल्टर, नळीत शिरलेली हवा, इंजेक्टरमधील गळती, दाब-नियंत्रक झडप, सेन्सर, त्याच्या तारा किंवा पंप यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते.

निदानाचा क्रम :
१) संकेतांक पुसण्यापूर्वी त्यासोबत नोंदलेले इंजिनाचे फेरे, भार व तापमान टिपून घ्यावे. केवळ चढावर, पूर्ण भाराखाली दोष येत असल्यास प्रथम इंधनपुरवठ्याचा संशय घ्यावा.
२) डिझेल फिल्टर, नळ्यांचे जोड व इंधनातील बुडबुडे तपासावेत.
३) इंजिन बंद करून दाब पूर्ण उतरल्यावर सेन्सर शून्याजवळचा आकडा दाखवतो का, ते पाहावे.
४) प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत मोजावे. एखाद्याचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक असल्यास तो इंजेक्टर सदोष समजावा.
५) हे सर्व निर्दोष आढळल्यावरच झडप व पंप यांकडे वळावे. फिल्टरमध्ये धातूचा चुरा आढळल्यास मात्र पंप झिजल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी केवळ पंप बदलून भागत नाही. रेल व इंजेक्टरही तपासावे लागतात.

चालू इंजिनाची उच्चदाब नळी कदापि सैल करू नये. डिझेलची धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते.

निष्कर्ष :
स्वस्त व सोप्या तपासण्या आधी आणि भागांची अदलाबदल शेवटी, हा क्रम पाळल्यास खर्च वाचतो. तपासणीविना बदललेला भाग हा उपाय नसून केवळ अंदाज असतो.