व्याह्याने धाडलेले घोडे

आयर्लंडच्या वीज-नियामक आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये दिलेला एक निर्णय आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या दृष्टीस पडला असेल. त्या देशात नवे डेटा सेंटर उभारू इच्छिणाऱ्याने आपल्या मागणीच्या तोडीची वीज देऊ शकणारी निर्मितीची वा साठवणुकीची व्यवस्था जागेवर किंवा जवळपास स्वतःच केली पाहिजे, आणि कालांतराने वर्षभरात लागणाऱ्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज आयर्लंडमधीलच नव्या नवीकरणीय प्रकल्पांतून आणली पाहिजे, असे आयोगाने ठरविले. ज्या देशाने पंधरा-वीस वर्षे या उद्योगासाठी पायघड्या घातल्या, त्यानेच आता दारात उभे राहून पाहुण्याला 'शिधा बरोबर आणला आहे ना?' असे विचारावे, हा पालट लहान नव्हे. तो का झाला हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण तोच पाहुणा आज आपल्याही ओसरीवर येऊन बसला आहे.

डेटा सेंटर म्हणजे माहितीचे कोठार. बँकेतील आपली शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, नातवंडांची छायाचित्रे हे सारे हवेत तरंगत नसते. ते कोठेतरी एका भक्कम, खिडक्या नसलेल्या इमारतीत, रांगेने मांडलेल्या हजारो संगणकांत साठविलेले असते. हे संगणक अहोरात्र चालतात, चालताना तापतात, आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी पुन्हा वीज लागते; कित्येक ठिकाणी पाणीही लागते. एवढे ध्यानात घेतले म्हणजे अशा कोठारासाठी देश निवडणारा व्यापारी कोणत्या गोष्टी तपासून पाहत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

या परीक्षेत आयर्लंडला बहुतेक विषयांत पैकीच्या पैकी गुण पडले. हवा थंड, उन्हाळ्यातही पारा २५ अंशांपलीकडे क्वचितच जातो, त्यामुळे वर्षातील बराच काळ बाहेरची हवा आत घेऊनच यंत्रे निववता येतात. भाषा इंग्रजी, राज्यव्यवस्था स्थिर, युरोपीय संघाचे सदस्यत्व असल्याने सबंध युरोपची बाजारपेठ खुली. कंपन्यांवरील कर २००३ पासून अवघा साडेबारा टक्के; बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी तो १५ टक्के झाला तो २०२४ मध्ये. शिवाय अमेरिका आणि युरोप यांच्या मधोमध असण्याचे भाग्य या बेटाला पूर्वीपासूनच लाभलेले आहे. अटलांटिकच्या तळाशी पहिली तार १८५८ मध्ये टाकली गेली, तिचे एक टोक आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटावरच होते. तेव्हा ॲमेझॉनने २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आणि गूगलने २०१२ मध्ये डब्लिनच्या आसपास ही कोठारे सुरू केली, यात नवल कसले?

नवल आहे ते पुढेच. तेथील सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये देशात मोजून दिलेल्या एकूण विजेपैकी ५ टक्के वीज डेटा सेंटर्स घेत होती. २०२३ मध्ये हा वाटा २१ टक्क्यांवर गेला, २०२४ मध्ये २२ टक्क्यांवर. युनिटांच्या भाषेत बोलायचे तर १२४ कोटींवरून ६३३ कोटींवर, म्हणजे आठ वर्षांत पाचपट. २०२३ मध्ये देशातील सर्व शहरी घरांचा मिळून वाटा १८ टक्के होता. अर्धा कोटीहून थोडी अधिक वस्ती असलेल्या त्या देशात शहरांतील सगळ्या घरांना मिळून जेवढी वीज लागते, तीहून अधिक वीज ही खिडक्या नसलेली कोठारे पिऊ लागली.

१९२९ मध्ये नुकत्याच स्वतंत्र झालेल्या याच राष्ट्राने शॅनन नदीवर आर्डनाक्रुशा येथे जलविद्युत केंद्र उभारले, तेव्हा वीज म्हणजे घराघरांतील अंधार हटविणारे राष्ट्रीय धन, अशी भावना होती. अलीकडच्या काळात त्या देशाने पवनचक्क्यांच्या बळावर सुमारे एक तृतीयांश वीज वाऱ्यापासून मिळविण्यापर्यंत मजल मारली. परंतु नव्याने मिळविलेली स्वच्छ वीज जुन्या धुराची जागा घेण्याऐवजी नव्या मागणीच्याच मुखी पडू लागली. वारा पडला की भिस्त गॅसवर, आणि त्याचा मोठा भाग समुद्राखालच्या नळांतून ब्रिटनकडून येणार! घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी ही गत झाली. अखेर वीज-पारेषण कंपनीने २०२२ मध्ये सांगून टाकले की, २०२८ पर्यंत डब्लिन परिसरात नव्या डेटा सेंटरला जोडणी देता येणे कठीण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तर दक्षिण डब्लिनच्या नगरपरिषदेने खुद्द गूगलच्या नव्या इमारतीला वीजजाळ्याच्या अपुऱ्या क्षमतेकडे बोट दाखवून परवानगी नाकारली.

यावरून डेटा सेंटर हे अरिष्टच होय, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाही. ॲथेनराय या गावी ॲपल कंपनी ८५ कोटी युरोंचे केंद्र उभारणार असे २०१५ मध्ये जाहीर झाले. हरकती आणि दावे यांत तीन वर्षे गेली आणि २०१८ मध्ये कंपनीने नाद सोडला. प्रकल्प व्हावा म्हणून मोर्चा काढणारे गावकरी हात चोळीत राहिले. नकार हेही धोरण नव्हे. आधुनिक राष्ट्राला माहितीची कोठारे लागणारच, आणि ती परक्या भूमीवर असण्यापेक्षा आपल्या भूमीवर, आपल्या कायद्याखाली असावीत, या म्हणण्यात तथ्य आहे. आयर्लंडचा दोष पाहुण्याला बोलाविण्यात नव्हता. आपल्या कोठीत धान्य किती, हे न पाहता बोलाविण्यात होता. व्यापाऱ्याने देशाची परीक्षा बारकाईने घेतली. देशाने मात्र व्यापाऱ्याची परीक्षा घेतलीच नाही. तो प्रश्न त्याला सुचला तेव्हा एक पंचमांश वीज हातची गेली होती.

आता आपल्याकडे पाहू. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये आर्थिक देवघेवीची माहिती भारतातच साठविण्याची सक्ती केली. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने डेटा सेंटर्सना पायाभूत सुविधांचा दर्जा देऊ केला. समुद्राखालच्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. म्हणून मुंबई आणि नवी मुंबई हे या उद्योगाचे देशातील सर्वांत मोठे आगर झाले आहे. ऐरोली, रबाळे, महापे येथे इमारतींमागून इमारती उठत आहेत. व्यापाऱ्याच्या गुणपत्रिकेत आपणही वरच्या श्रेणीत आलो आहोत, याचा आनंद जरूर मानावा. परंतु आपल्याकडे आयर्लंडची थंड हवा नाही, आणि १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी वीज गेली तेव्हा मुंबईच्या लोकलगाड्या कशा जागच्या जागी थिजल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी पंपाला दिवसा वीज मिळावी एवढेच मागणे वर्षानुवर्षे मागत आहे. रात्री, विंचवाकाट्याची पर्वा न करता पिकाला पाणी देण्याची पाळी त्याच्यावर कितीदा आली आहे!

म्हणून आमची शासनाला सूचना अशी की, डेटा सेंटरच्या प्रत्येक करारासोबत चार आकडे जनतेपुढे ठेवावेत: त्याला वीज किती लागणार आणि ती कोठून येणार, पाणी किती लागणार, सवलती कोणत्या दिल्या, आणि बांधकाम संपल्यावर कायमच्या नोकऱ्या किती उरणार. गुंतवणुकीचे कोटी समारंभात मोठ्याने वाचून दाखविले जातात. हे चार आकडेही तितक्याच मोठ्याने वाचले जावेत. पाहुण्याचे स्वागत आम्हीही करू. मात्र पंगतीला पाने किती आणि भात किती शिजला आहे, हे स्वयंपाकघरात विचारून मगच आमंत्रण धाडावे. आयर्लंडने ते पाहुणा पाटावर बसल्यावर विचारले. आपल्याला अजून वेळ आहे.