पनीर की दाण्याचा कूट? घरच्या ताटाचा हिशेब

लग्नाच्या पंगतीत पनीरची भाजी असली की पंगत मोठ्या घरची समजली जाते. दाण्याचा कूट मात्र रोजचाच. भाजीत पडतो, उसळीत पडतो, उपवासाला चालतो, म्हणून त्याचे कुणाला अप्रूप नाही. महिला मंडळाच्या बैठकीत मात्र एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, पोरांच्या अंगी लागायला पनीर द्या म्हणत्यात. पण ते रोज परवडतंय कुणाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आकड्यांतच पाहू.

१०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ आणि साधारण २६५ उष्मांक असतात. तेवढ्याच कुटात प्रथिने सुमारे २५ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ४० ग्रॅम आणि उष्मांक ५०० च्या वर. कारखान्यात तेल पुरते काढून, खाण्यासाठी म्हणून तयार केलेल्या शेंगदाणा पिठात तर प्रथिने ५० ग्रॅमच्या घरात जातात. यात नवल काही नाही. पनीरमध्ये निम्म्याच्या आसपास पाणीच असते, दाणा मात्र वाळलेला असतो.

आता पैशाचा हिशेब. किलोभर पनीरला पाच ते सहा लिटर दूध लागते. त्या किलोभर पनीरमध्ये जेवढी प्रथिने, तेवढी सुमारे ७२० ग्रॅम दाण्यांत मिळतात. तुमच्या डेअरीचा आजचा दर आणि बाजार समितीतला शेंगांचा भाव कागदावर मांडा. स्वस्त काय, ते सांगायला कृषी खात्याचा माणूस लागणार नाही.

मग पनीर आणि दूध सोडून द्यायचे का? अजिबात नाही. प्रथिने नुसती मोजून भागत नाही, ती कोणत्या प्रतीची आहेत हेही बघावे लागते. वाढत्या शरीराला 'लायसिन' नावाचा एक घटक हवा असतो. दुधात आणि पनीरमध्ये तो भरपूर आहे, शेंगदाण्यात कमी. ज्वारी-बाजरीतही तो कमीच. म्हणजे भाकरी आणि दाण्याची चटणी एवढेच ताटात असेल तर पोट भरते, पण ही उणीव तशीच राहते. पनीरमध्ये कॅल्शियमही दाण्याच्या कितीतरी पट आहे. आणि रक्तवाढीला लागणारे ब-१२ जीवनसत्त्व दुधात असते, शेंगदाण्यात नसते. उलट, नायसिन आणि फोलेट ही जीवनसत्त्वे दाण्यात चांगली असतात.

तात्पर्य काय, तर ही दोघांची कुस्ती नव्हे, बैलजोडी आहे. एकाची कमी दुसरा भरून काढतो.

लायसिनची उणीव भरून काढायला पनीरच हवे असेही नाही. वाटीभर दूध, दही किंवा डाळ पुरते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कुपोषणावर उपाय म्हणून 'मल्टिपर्पज फूड' तयार केले, त्यात तीन भाग शेंगदाणा पीठ आणि एक भाग हरभऱ्याचे पीठ होते. वर जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम घातले होते. आपल्या चुलीवर याच वाटेने जाता येते. तीन वाट्या भाजलेल्या दाण्यांचा कूट, एक वाटी फुटाण्याचे पीठ आणि बेताचा गूळ घेऊन लाडू वळावेत. सोबत कपभर दूध द्यावे.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिने लागतात. मूठभर म्हणजे २५ ते ३० ग्रॅम कुटातून सहा-सात ग्रॅम मिळतात. कपभर दुधातून आणखी पाच ग्रॅमच्या आसपास. बाकीची भाकरी-डाळीतून सहज येतात. मात्र लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कूटच द्यावा. पहिल्यांदा देताना चिमूटभर देऊन पाहावे, कारण काहींना शेंगदाणा सोसत नाही. घरी पनीर केलेच तर गाळून उरलेले हिरवट पाणी मोरीत ओतू नका. त्यातही प्रथिने आणि क्षार असतात. त्या पाण्यात कणीक मळा.

आता खरी धोक्याची गोष्ट. ओलसर शेंगांवर जी हिरवी-पिवळी बुरशी येते, ती 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये असे विष असलेली शेंगदाणा पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा जगाला हे विष कळले. ते यकृतावर घाला घालते. भाजल्याने ते पुरते जात नाही.

बरेच जण खवट, काळपट दाणे निवडून बाजूला काढतात आणि गाई-म्हशींपुढे टाकतात. इथेच चुकते. जनावराच्या पोटातून त्या विषाचा अंश दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही, आणि त्याच दुधाचे पनीर केले तर दुधापेक्षा पनीरमध्ये अधिक साठतो. म्हणजे दाणा नासला की दूधही बिघडले आणि पनीरही. असे दाणे जनावरांनाही घालू नयेत, पुरून टाकावेत.

काळजी काय घ्यायची ते लक्षात ठेवा:

भुईमूग वेळेवर काढा. काढलेले वेल शेंगा वर येतील असे उलटे पसरून वाळवा. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय पोती भरू नका.

वजन वाढावे किंवा फोडायला सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी मारू नका. चार पैसे मिळतील, पण बुरशीला आवतण दिल्यासारखे होईल.

पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवा. सुरकुतलेले, फुटके, रंग बदललेले दाणे कुटात घेऊ नका. कूटही आठवड्यापुरताच करा.

तेलघाण्यावरची पेंड दळून माणसांना खाऊ घालू नका. ती जनावरांसाठी असते, तिच्यात टरफल, माती काहीही असू शकते.

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि अंगणवाडी सेविका यांनाही एक विनंती. ग्रामसभेत रस्ता आणि गटार यांच्यासोबत हा विषय एकदा घ्यावा. भुईमुगाच्या काढणीआधी वाळवणीचे प्रात्यक्षिक ठेवावे. अंगणवाडीत वजनकाट्यावर मागे राहिलेल्या मुलांच्या घरी दूध किती येते आणि त्यातले घरात किती राहते, याची चौकशी करावी. गोठ्यात म्हैस आणि शिवारात भुईमूग असूनही ज्या घरचे पोर वजनात कमी भरते, तिथे अन्नाचा तुटवडा नसतो, वाटणी चुकलेली असते. दूध सगळे डेअरीला आणि शेंगा सगळ्या बाजाराला जातात, मग त्याच पैशातून बिस्किटाचा पुडा घरी येतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, विक्री जरूर करा, पैसा हवाच. पण कॅन भरण्याआधी लेकरांच्या वाटणीचे दूध काढून ठेवा आणि पोत्याचे तोंड शिवण्याआधी वर्षाचे दाणे चांगले वाळवून घरात ठेवा. पनीर सणासुदीला होईल. कूट आणि दूध मात्र रोज ताटात असू द्या.