गवार, केस आणि दुसरा तांब्या

पाटोदा किंवा शिरूर कासारकडच्या गावांत मे महिन्यात टँकर सुरू झाले की डोक्यावरून न्हाणं ही हिशोबाची गोष्ट होते. शाम्पूची पुडी एक-दोन रुपयांना मिळते. जपून वापरायचं ते पाणी. गंमत म्हणजे पुडीच्या आतला कारभारही पाण्याच्या मापावरच चालतो.

पुडीमागच्या बारीक अक्षरांत पुष्कळदा ‘ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड’ असं लांबलचक नाव सापडतं. घाबरू नका, ती आपली गवारच. कोवळ्या शेंगांची आपण कूट घालून भाजी करतो. वाळलेल्या बियांतून डिंक निघतो. हा डिंक म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी, अर्थात पॉलिमर. कारखान्यात तिच्यावर धनभार चढवतात. पाण्यात केसाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, खराब झालेल्या टोकांशी तर जास्तच. तेव्हा पॉलिमर केसाला जाऊन चिकटणार, हे ठरलेलंच.

पण लगेच नाही. शाम्पूत फेस करणारे सर्फॅक्टंटचे रेणूही बहुधा ऋणभारित असतात, आणि संख्येने भरपूर. ते घोळक्याने साखळीला लगडतात आणि तिला विरघळलेली ठेवतात. पाणी पडलं की घोळके मोडतात, लगडलेले रेणू सुटू लागतात. साखळीवरचा धन आणि उरलेला ऋण भार जवळपास बरोबरीत आला, की पाण्यात राहायला तिला कारण उरत नाही. ती बुळबुळीत थेंबांच्या रूपात वेगळी होते आणि केसांवर बसते. अशा थेंबांना ‘कोॲसर्व्हेट’ हे नाव बुंगेनबर्ग डी याँग आणि क्रुइट या डच रसायनशास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये दिलं.

हे घरी पाहता येतं. असा पारदर्शक शाम्पू चमचाभर पेल्यात घ्या, चमच्याचमच्याने पाणी घालत हळू ढवळा. एका टप्प्यावर तो गढूळ होतो. तोच क्षण.

बोअरच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाचा चोथा होतो, कारण कॅल्शियम त्याला धरून बसतं. शाम्पूतली सल्फेटं त्या मानाने निभावून नेतात. पण क्षार फारच असले तर ते भारांची ओढच बोथट करतात आणि थेंब नीट जमत नाहीत.

पहिल्या तांब्याने केस भिजतात, फेस होतो. गवार सुटते ती दुसऱ्या तांब्याला. म्हणून बादली अर्धीच असेल तर पुडीही अर्धीच फोडावी.